टेबलावरचं कुंकू

मी आयुष्यात सगळ्यांत जास्त कुणाचा ऋणी असेन तर माझ्या थोरल्या वहिनीचा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडिलांनी मॅट्रिकपर्यंत शिकवलं, दादाने इंदूरला आपल्या घरी ठेवून घेतलं, कॉलेजात गुरुजन चांगले भेटले. या सगळ्यांचे उपकार मी मानतो. पण मी अभ्यास केला तो वहिनीच्या खोलीत, आणि ती खोली मला मिळाली नसती तर बी.ए. काही माझ्या हातून झालं नसतं. त्या खोलीत ती लाकडाला पॉलिश करायची.

आम्ही मूळचे देवासच्या पुढच्या एका लहान गावचे, जातीने आणि धंद्याने सुतार. वडील बैलगाड्यांची चाकं आणि नांगर करायचे. दादा लवकर इंदूरला आला, एका कारखान्यात मेज-खुर्च्यांचं काम शिकला आणि मग मल्हारगंजात त्याने स्वतःचं लहानसं दुकान टाकलं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. होळकरांचं राज्य जाऊन मध्यभारत झालं होतं. उन्हाळ्यात राजधानी ग्वाल्हेरहून इंदूरला यायची आणि तिच्याबरोबर कचेऱ्या, साहेब आणि त्यांची बिऱ्हाडंही. त्या दिवसांत शहरात खुर्च्या-टेबलांना बरी मागणी असे.

वहिनीचे वडील दरबारच्या बग्गीखान्यात पॉलिशचं काम करायचे. बग्ग्या, पालख्या, महालातल्या खुर्च्या, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. लहानपणी त्यांचा जेवणाचा डबा घेऊन वहिनी जायची आणि डबा रिकामा होईपर्यंत त्यांच्या शेजारी बसून लाकूड घासायची. त्यातूनच ती शिकली. लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा दादाच्या हातचं एक कपाट तिने पाहिलं आणि म्हणाली, "सुतारकाम झकास आहे हो. पण वरून हे काय फासलंय? काकवी?" दादा दोन दिवस तिच्याशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी चपड्याची, म्हणजे पॉलिशच्या लाखेची, पुडी आणि स्पिरिटची बाटली त्यानेच सियागंजच्या बाजारातून आणून तिच्यापुढे ठेवली.

तेव्हापासून दुकानातलं सगळं पॉलिश वहिनीचं. फक्त हे बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. गिऱ्हाईक विचारायचं, "क्या बात है भिया, पॉलिश कुणाचं?" आणि दादा सांगायचा, "उज्जैनचा एक कारागीर आहे. बोलावतो कधीमधी." घरच्या बाईला कामाला लावतो असं लोक म्हणतील, ही त्याची भीती. पुढे पुढे त्या उज्जैनवाल्याला दादाने दाढी दिली, दम्याचा त्रास दिला, एक आडमुठा स्वभावही दिला. काम वेळेवर झालं नाही की दादा म्हणायचा, "काय करू साहेब, तो ऐकतच नाही कुणाचं." आतून वहिनी हे ऐकायची आणि मला हळूच म्हणायची, "भाऊजी, माझा दमा आज फार वाढलाय बरं का."

हसायची, पण तिला ते लागत असे. एकदा एका गिऱ्हाइकाने उज्जैनवाल्यासाठी बक्षीस म्हणून मिठाईचा पुडा दिला. दादाने तो आत आणून दिला. वहिनी म्हणाली, "ज्याचा आहे त्याला द्या. मी नाही खाणार." पुडा फडताळात तसाच राहिला.

आता तिच्या खोलीबद्दल. लाखेच्या पॉलिशचा वैरी म्हणजे धूळ. ओल्या थरावर एक कण बसला की तो तिथेच राहतो आणि बोटाला कायम लागतो. म्हणून पॉलिश चालू असताना मागच्या खोलीचं दार बंद. झाडायचं नाही, अंथरूण झटकायचं नाही, कुणी ये-जा करायची नाही. दुकानात करवत, पुढे रस्ता, शेजारी कल्हईवाला, अशा त्या गोंगाटात तेवढी एक जागा शांत होती. कॉलेज सुरू झाल्यावर मी एकदा भीत भीत विचारलं, "वहिनी, मी कोपऱ्यात बसून वाचू का?"

ती म्हणाली, "बसायचं तर बसा. पण एकदा बसलात की उठायचं नाही. आणि पानं हळू उलटा."

असा मी शिकलो. दुपारभर एका कोपऱ्यात मी आणि माझं पुस्तक, दुसऱ्या कोपऱ्यात ती आणि तिचं लाकूड. स्पिरिटचा वास नाकात इतका बसला होता की परीक्षेच्या हॉलमध्ये तो नव्हता म्हणून मला चुकल्यासारखं झालं.

डोकं वर केलं की तिचं काम दिसायचं. आधी रेजमालाने, म्हणजे काचकागदाने, घासणं, नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने. मग खडूच्या भुकटीत रंग कालवून त्याने लाकडाची बारीक छिद्रं बुजवायची, वाळू द्यायची आणि पुन्हा घासायची. चपडा रात्रभर स्पिरिटमध्ये भिजवून मलमलीतून गाळलेला असे. कापसाचा बोळा करून त्यावर तिच्या वडिलांच्या जुन्या धोतराचा तुकडा गुंडाळायचा, कारण शंभरदा धुतलेल्या कापडाला तंतू सुटत नाहीत. बोळ्याला जवसाच्या तेलाचं बोट लावायचं, म्हणजे तो चिकटत नाही. हातातल्या काचेच्या बांगड्यांनी ओरखडे पडू नयेत म्हणून ती त्यांच्यावर फडकं गुंडाळायची. बांगड्या उतरवून ठेवणं सवाष्णीला मंजूर नव्हतं, आणि ओरखडा पॉलिशवालीला. बोळा लाकडावर उतरायचा तो फिरता फिरता आणि उचलला जायचा तोही फिरता फिरता. मध्ये थांबला की तिथे डाग पडलाच. गोल गोल, मग इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा, मग शेवटी नुसत्या स्पिरिटच्या ओलीने सरळ लांब हात. थर असा पातळ की दिसत नाही, आणि असे थरावर थर. झालं की ती डोळे मिटायची आणि बोटांची मागची बाजू लाकडावरून फिरवायची. "बोटांची टोकं कामाने राठ झालेली असतात, ती खोटं सांगतात," असं ती म्हणे.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा ते टेबलाचं काम आलं. रामबागेत एक साहेब राहायचे. घराणं होळकरशाहीतल्या अंमलदारांचं, स्वतः नव्या सरकारात मोठ्या हुद्द्यावर. त्यांच्या मुलीला पाहायला ग्वाल्हेरचे लोक येणार होते. मुलाचे वडीलही सरकारी अधिकारी, राजधानीबरोबर इंदूरला येणारे. त्यांच्याकडे टेबलावर जेवतात असं कळलं होतं. म्हणून साहेबांनी सागवानी जेवणाचं टेबल करायला सांगितलं, दहा-बारा माणसं बसतील असं. दादाने आजवर एवढं मोठं काम केलं नव्हतं. साहेबांच्या ओळखीने पुढे कचेऱ्यांचं काम मिळेल ही आशाही होती.

टेबल इतकं मोठं की साहेबांच्या दारातून जोडलेलं आत जाईना. वरची फळी आणि पाय वेगवेगळे नेऊन आत जोडायचे आणि शेवटचं पॉलिश तिथेच करायचं असं ठरलं. साहेब दुकानात आले तेव्हा म्हणाले, "उत्तम. मग तुमच्या त्या उज्जैनवाल्याला आमच्याकडेच पाठवा. त्याचं काम मला बघायचंच आहे."

दादाने पेन्सिल कानामागे खोवली. "तो... तो दम्याचा माणूस, साहेब. बाहेर कामाला जात नाही."

"मग दुसरा कुणी पाहावा लागेल. महूच्या छावणीत एक जण आहे म्हणतात."

आतल्या दाराला वहिनी उभी होती. माझ्या हातात पुस्तक होतं. मी तिच्याकडे पाहिलं.  तिने हातातला बोळा तेवढा खाली ठेवला. तो तिने वाळत असलेल्या पॉलिशवरच ठेवला. इतक्या वर्षांत तिने असं कधी केलं नव्हतं. ते पाहून मी बाहेर गेलो आणि म्हणालो, "साहेब, उज्जैनचा कुणी नाहीच. पॉलिश माझी वहिनी करते."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बाई? हे सगळं?" त्यांनी तिथल्या एका कपाटावरून हात फिरवला. मग म्हणाले, "ठीक. घेऊन या त्यांना. घरात आमची मंडळी आहेतच. पण एक सांगतो. पाहुणे रविवारी येणार. शनिवारी सकाळी मला पसंत पडलं नाही तर मी महूचा माणूस आणणार, आणि पुढची कामंही त्यालाच सांगणार."

ते गेल्यावर दादा माझ्यावर कडाडला, "शहाणा झालास काय रे? कॉलेजात हेच शिकवतात?"

"त्यांना कशाला बोलता?" वहिनी म्हणाली. "उज्जैनवाला मेला. चांगला होता बिचारा. आता माझी पाळी."

खालचे थर दुकानातच झाले. गुरुवारी हातगाडीवरून टेबल रामबागेत गेलं आणि दादाने ते जोडलं. वहिनीने दिवसभर साहेबांच्या दिवाणखान्यात बसून वरचे थर दिले. मी तिच्यासोबत होतो, पुस्तक घेऊनच. साहेबांच्या पत्नीला ती काकू म्हणत होती. काकू स्वभावाने चांगल्या, पण टेबल त्यांना मुळीच आवडलेलं नव्हतं. "पाटावर बसून जेवायचं सोडून हे काय आता नवीन!" त्या दारातून म्हणत होत्या. "आणि बायकामाणसाने हे असं लाकडं घासायचं!"

वहिनी हात न थांबवता म्हणाली, "काकू, पोळपाट पण लाकडाचाच असतो. तो आपणच घासतो की."

संध्याकाळपर्यंत टेबलात वरच्या झुंबराचं अंधूक प्रतिबिंब दिसायला लागलं. आता फक्त रात्रभर मुरू द्यायचं आणि शुक्रवारी शेवटचा हात. निघताना वहिनीने दहादा बजावलं, याला कुणी हात लावायचा नाही. काकूंनी मान डोलावली.

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं पोचलो तर दिवाणखान्यात उदबत्तीचा वास. टेबलाच्या मधोमध ओल्या हळदीचं भलंमोठं स्वस्तिक, त्यावर कुंकू, शेजारी पाण्यातून काढून तसाच ओला ठेवलेला नारळ. काकूंनी पहाटे अंघोळ करून पूजा केली होती. "यावर अन्न वाढायचं. शुक्रवार आहे, मुलीचं शुभकार्य आहे. आधी पूजा नको?" त्यांनी अगदी सरळ मनाने सांगितलं. हात लावायचा नाही म्हणजे देवाचंही करायचं नाही, असं काही त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं.

दादाने वाकून पाहिलं. कालचं पॉलिश अजून कच्चं होतं. ओली हळद त्यात उतरली होती, आणि नारळ उचलला तेव्हा खाली पांढरं फटक वर्तुळ.

साहेब आतून आले, पाहिलं आणि ओरडले, "पुसून टाका ते आधी!"

"पुसायचं?" काकूंचा आवाज चिरकला. "घरात मुलीचं जमतंय, आणि मांडलेलं कुंकू पुसायचं? माझ्या हातून नाही होणार." त्या रडायलाच लागल्या. कामवाल्या बाईला सांगितलं, तिनेही मागे हात बांधले. दादा हळूच म्हणाला, "वर चादर घालू या का साहेब?" साहेब म्हणाले, "चादर घालायची तर टेबल कशाला? महूला निरोप पाठवतो." आणि ते खरंच चपला शोधायला लागले.

वहिनी इतका वेळ टेबलाकडे नुसती बघत होती. ती पुढे झाली, पदर खोचला आणि काकूंना म्हणाली, "काकू, पुसायचं कुणी सांगितलं? कुंकू पुसायचं नसतं, लावून घ्यायचं असतं." तिने अनामिकेने टेबलावरचं कुंकू उचललं आणि काकूंच्या कपाळाला लावलं. मग स्वतःच्या. "मुलीला बोलवा. शेजारच्या सवाष्णींना बोलवा. हळदीकुंकू आहे म्हणावं, टेबलाचं."

काकूंनी डोळे पुसले आणि त्या स्वतःच शेजारणींना हाका मारायला गेल्या. मुलगी आली, शेजारच्या बायका आल्या, कामवाली आली. एकेकीने वाकून टेबलावरचं हळदकुंकू घेतलं. कुणी म्हणाली, "अगंबाई, किती छान! टेबलाचं हळदीकुंकू आजच पाहिलं." काकूंनी सगळ्यांना गूळ-खोबरं दिलं. नारळही तोच फोडला. स्वस्तिक कुणीही पुसलं नाही आणि तरी घटकेभरात ते टेबलावरून नाहीसं झालं. साहेब हातात चपला घेऊन दारातच उभे होते.

"साहेब, आता बाहेर जा," वहिनी म्हणाली. "पायांनी धूळ येते."

राहिला होता पिवळा डाग. तेवढ्या जागेचं पॉलिश तिने स्पिरिटने सोडवून काढलं, पण हळद लाकडात गेली होती. दादा म्हणाला, "आता रंधा मारावा लागणार." ती म्हणाली, "रंधा नको. हळदीचे डाग पडलेलं लुगडं तुम्ही कधी धुतलंय का? ऊन लागलं की हळद उडते." दिवाणखान्याच्या खिडक्यांना काचा होत्या. आम्ही तिघांनी आणि साहेबांच्या एका गड्याने टेबल उचलून पूर्वेच्या खिडकीशी लावलं, काचा बंद ठेवल्या, म्हणजे ऊन आत आणि धूळ बाहेर. दुपारी टेबल पश्चिमेच्या खिडकीशी. मी पुस्तक उघडून बसलो होतो, पण वाचत नव्हतो. डागावरची उन्हाची चौकट पाहत होतो. पिवळा फिका झाला, मग आणखी फिका, मग कुठे होता ते दाखवता येईना. पांढऱ्या वर्तुळावर तिने तेल-स्पिरिटचा बोळा अगदी हलक्या हाताने फिरवला आणि तेही विरून गेलं. काकूंनी तिला आतून ताट आणलं, पाटावर नाही, खुर्चीवर बसवून वाढलं.

मग तिने बांगड्यांवर फडकं गुंडाळलं आणि कामाला बसली. सोडवलेल्या जागी थरावर थर देऊन ती बाकीच्याशी एकसारखी केली, आणि ऊन उतरताना शेवटचा सरळ हात मारला. त्या वेळी काकूंनी घरातल्या सगळ्यांना अंगणात बसवून ठेवलं होतं, साहेबांनासुद्धा.

शनिवारी सकाळी साहेब आत आले. वाकून, मान तिरपी करून त्यांनी टेबलाच्या कडेवरून उजेडाकडे पाहिलं. नंतर जिथे स्वस्तिक होतं तिथे बोटं फिरवली, बोटांची मागची बाजू. बहुधा तिला तसं करताना त्यांनी खिडकीतून पाहिलं असावं. त्यांचा चष्मा आणि मिशा दोन्ही खाली टेबलात दिसत होत्या. "डाग कुठे होता?" त्यांनी विचारलं. वहिनीने सांगितलं, "मलाही आता सापडत नाही." ते हसले. मी त्यांना प्रथमच हसताना पाहिलं. निघताना वहिनीने काकूंना सांगितलं, "गरम भांडं थेट ठेवू नका, आणि पाण्याचा पेला ठेवलात तर लगेच पुसा. आणि पूजा करायची तर पाटावर करा." काकूंनी तिची ओटी भरली.

पाहुण्यांना मुलगी पसंत पडली. त्याचं श्रेय टेबलाला नाही, मुलीलाच. पण कुठे चार बायका जमल्या की काकू त्या टेबलाची गोष्ट सांगायच्या, आणि ती रामबागेतून मल्हारगंजात आमच्याआधी पोचायची.

त्यानंतर काही दिवसांनी सराफ्यातले एक गृहस्थ दुकानात आले, पेढीसाठी गल्ल्याचं मेज करून घ्यायला. "भिया, तुमचा तो उज्जैनवाला आहे ना? त्याच्याच हातचं पायजे."

मी आतल्या खोलीत कोपऱ्यात होतो. वहिनीचा हात फिरत होता. दादाने रंधा खाली ठेवला. मग म्हणाला, आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "उज्जैन-बिज्जैन कोई नहीं भिया. ते आमच्या घरचंच पॉलिश आहे. माझी बायको करते. दरबारच्या बग्गीखान्यातल्या कारागिराची मुलगी आहे ती. आत्ता बसलीय आत, पण दार नाही उघडता येणार. धूळ जाते."

वहिनीने वर पाहिलं नाही. हात फिरता फिरताच लाकडावरून उचलला, बोळा डब्यात ठेवला, आणि पदराने तोंड पुसलं. जरा जास्तच वेळ पुसलं. मग मला म्हणाली, "काय बघता? वाचा."

त्या उन्हाळ्यात मी बी.ए. झालो. पुढच्या महिन्यात शाजापूरकडच्या एका शाळेत मला मास्तरकी मिळाली. तिथून मी तिला पहिलं पत्र पाठवलं, ते असं :

तीर्थस्वरूप वहिनीस शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

मी इथे खुशाल पोचलो. खोली मिळाली आहे. जेवण एका घरी आहे, तिखट फार. वर्ग मोठा आहे, मुलं गावाकडची आहेत, माझ्यासारखीच. त्यांतली बरीच घरातली पहिलीच शिकणारी.

वर्गातलं मास्तरांचं टेबल इतकं खरबरीत होतं की वहीचा कागद फाटायचा. सुट्टीत मी ते घासलं आणि तुमच्यासारखं पॉलिश केलं. पहिल्या वेळी माझा बोळा चिकटला. तेल कमी पडलं असणार. ते काढून पुन्हा केलं. आरसा काही झाला नाही, पण उजेडाकडून पाहिलं तर खिडकीचे गज दिसतात. हेडमास्तर विचारत होते, हे कुठे शिकलात? मी सांगितलं, बी.ए. जिथे केलं तिथेच, माझ्या वहिनीकडे.

मुलांना मी एक शिस्त लावली आहे. पानं हळू उलटायची. का, ते त्यांना सांगितलेलं नाही.

दादाला सांगा, कचेरीच्या खुर्च्यांचं काम आलं तरी पावसाळ्यात घेऊ नकोस, दमट हवेत पॉलिश पांढरं पडतं. हे तुम्हाला ठाऊक आहे, पण तो घाई करतो म्हणून लिहिलं.

दिवाळीला येईन. तेव्हा तुमचा वापरलेला एक बोळा मला द्या. नवा अजून माझ्या हाताला बसत नाही. आणि कोपऱ्यातली माझी जागा कुणाला देऊ नका. मला एम.ए.चा अभ्यास करायचा आहे.

आपला,
भाऊजी